हेडफोन आणि आबांचं खाकरणं

पहिला हेडफोन मी हौसेनं घेतला आणि तिथंच माती खाल्ली.

माझं काम घरबसल्याचं. पुण्याच्या एक प्राध्यापक बाई पळसदेवला जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतात. धरणाच्या पाण्यात गेलेलं गाव, मासेमारी, असलं सगळं. मी माझ्या गावी, वरकुट्यात बसून ते ऐकते आणि टाईप करते. त्या रेकॉर्डिंगमध्ये माणूस कमी आणि वारा जास्त. म्हणून बारामतीच्या दुकानदारानं "ताई, बाहेरचं काय सुदिक ऐकू येणार न्हाय" म्हणत दाखवलेला जाडजूड, कान झाकणारा हेडफोन मी उचलला. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायच्या, कानामागं घामोळं आलं. पण ऐकू स्वच्छ यायचं, म्हणून सोसलं.

आता आबा. आबा म्हणजे माझे सासरे, जुन्या वळणाचे. सुनेचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही, घरात यायचं तर उंबऱ्याबाहेरूनच खाकरायचं. चहा हवा तर एकदा, पाणी हवं तर दोनदा. एकवीस वर्षं आमचं बोलणं असंच चाललं. नवी होते तेव्हा भारी राग यायचा, मी सून हाय का बैल! मग सवय झाली.

गेल्या चैत्रात नवरा कारखान्यात ड्युटीला, घरात आम्ही दोघंच. मी हेडफोन घालून पळसदेवच्या एका आजोबांचं बोलणं लिहीत होते. तासाभरानं उठून मागं गेले, तर आबा न्हाणीत भिंतीला टेकून बसलेले. पाय घसरलेला, गुडघा सुजलेला, धोतर ओलंचिंब. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण मी घाबरले, आणि घाबरले की माझं तोंड सुटतं.

"अवो आबा, जिवावर बेतलं तरी खाकरतच बसायचं का? देवानं तोंड दिलंय न्हवं?"

आबांनी नुसतं ओलं धोतर सुजल्या गुडघ्यावर ओढून घेतलं.

दोन दिवसांनी एसटीनं बारामती गाठली. त्याच दुकानदाराला म्हटलं, "हलका द्या. कानाला नुसता टेकणारा, स्पंजचा. चष्म्याला दाबणारा नको. आणि बाहेरचं ऐकू आलं पायजे."

"लोक बाहेरचं बंद करायला येत्यात, तुमचं उलटंच."

"माझ्या घरी सासरे हायत."

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून पाच-सहा हेडफोन घालून बघितले. दर वेळी त्याला म्हटलं, दारापाशी जाऊन खाकरा. बिचारा खाकरला. गिऱ्हाइकं बघत राहिली. ज्यातून त्याचं खाकरणं नीट ऐकू आलं, तो घेतला.

घरी येऊन कामाला बसले, तोच ओसरीवरून खाकरणं आलं. लख्ख ऐकू आलं. "आले आबा!" म्हणत मी बाहेर गेले. आबा बाजेवर, गुडघ्याला हळदीचा लेप.

"बघा, आता ऐकू येतंय. पण परत कधी तसं झालं, तर लाज सोडून हाक मारायची."

आबा खाली बघत म्हणाले, "मारली व्हती की. खाकरून खाकरून घसा बसला, मंग मारली. नाव घिऊन. तीनदा."

एकवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं, आणि मी कुणा परक्या आजोबांचा एक शब्द सुटू नये म्हणून कान झाकून बसले होते.