शिंगराच्या वाट्याचा चीक

मी टेस्ट ट्यूब तिसऱ्यांदा तिरपी करून पाहिली. शिंगराच्या रक्ताचं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, अजून धड गोठलं नव्हतं. औषधाचे थेंब टाकल्यावर ते दहा मिनिटांत गोठलं तर पिलात भरपूर अँटीबॉडी आहेत असं समजायचं. इथे अर्धा तास होऊन गेला होता.

बाळांनो, तुम्हाला अँटीबॉडी आईच्या पोटातच मिळाल्या. शिंगराला तशा मिळत नाहीत. घोडीचा चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध, पिऊनच मिळतात, त्याही पहिल्या दिवसातच. हे शिंगरू दीड दिवसाचं होतं.

“चीक पाजला होता ना?” मी मालकाला विचारलं. शंकरभाऊ रोहण्याचे, पिढीजात म्हशीवाले. वरातीसाठी पहिल्यांदाच घोडी घेतली होती.

“हो बाई, पोटभर पेलं. पाहा ना, कसं उड्या मारून राह्यलं!”

त्यांची बायको सुमनताई घोडीचा दोर धरून बाजूला उभी होती. मी फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : चीक – होय.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले सर म्हणाले, “ट्यूब रेंगाळलीय. मोठ्या घोड्याचा प्लाझ्मा चढवून टाका, तयार अँटीबॉडी मिळतील.”

“हिस्ट्री चांगली आहे, सर. सबक्लास रिपोर्ट येऊ द्या.”

आयजीजी ही मुख्य अँटीबॉडी. घोड्यात तिचे सात प्रकार असतात, तेच सबक्लास. मी तेव्हा त्यांचाच अभ्यास करत होते आणि आमच्याकडे घोड्याचं सॅम्पल क्वचितच येई.

“रिपोर्ट कोणाला हवाय? शिंगराला की तुम्हाला?” सरांनी विचारलं. मला राग आला. सॅम्पल बाहेरच्या लॅबला पाठवलं आणि शिंगराला घरी.

चौथ्या दिवशी ते टेम्पोत आडवं पडून आलं. अंगात ताप, गुडघे सुजलेले. आता प्लाझ्मा चढवला, अँटिबायोटिक दिलं. सुमनताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

“चीक पिऊनही असं कसं झालं?” मी स्वतःशीच बोलले.

“पहिला चीक तर म्या भुईले वाहिला, बाई,” ती म्हणाली. “म्हशीचा वाहतो तसाच. लोटाभर. मंग उरला तो यानं पेला.”

म्हशीच्या कासेत बादलीभर चीक असतो. घोडीची कास लहान. तिच्या लोटाभरात शिंगराचा बहुतेक वाटा गेला होता.

“मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?”

“तुमी ह्यायले इचारलं. धार काढाले ह्ये कधी बसले? मले काऊन नाई इचारलं?”

शिंगरू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. रिपोर्ट त्यानंतर आला. सगळे सबक्लास व्यवस्थित तक्त्यात मांडलेले, सगळे कमी. मी तो फाईलला लावला.

फॉर्मवर मग मी हाताने एक ओळ वाढवली : ‘पहिली धार कोणी काढली? त्यांनाच विचारावे.’ पुढच्या खेपेला ती छापूनच आली. सरांनी ट्यूब पाहून जे ओळखलं होतं, त्याच्यासाठी तर फॉर्मचीही गरज नव्हती.