सायलेन्सर रस्त्याकडे

राजाजीनगरात माझी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणायची. गॅरेजच्या मागच्याच खोलीत त्यांचं घर होतं. धुराच्या चाचणीची तारीख जवळ आली की ते कार्बोरेटरचा स्क्रू आवळून देत. स्कूटर पास व्हायची. मी कागद घेऊन परतले की तोच स्क्रू ते पुन्हा सैल करत, नाहीतर गाडी चढावर धापा टाकायची.

"आणि धूर, अण्णा?"

"स्वल्प असतोच, अक्का. एवढं मोठं आभाळ, तुमच्या एका स्कूटरनं काळं होतंय होय?"

पृथ्वी तापतेय अशी बातमी मी एकदा दाखवली, तर म्हणाले, "पंखेवाल्यांचा धंदा चालायला नको?"

मात्र किक मारण्याआधी ते प्रत्येक गाडी न चुकता वळवून घेत. सायलेन्सर रस्त्याकडे, घराकडे कधीच नाही. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावरही मी बोलले नाही.

एका संध्याकाळी मी चाचणीहून परतले. "सैल करू?" त्यांनी विचारलं. मला घरी जायची घाई होती.

"सरी," मी त्यांच्याच भाषेत होकार दिला.

त्यांनी गाडी वळवली, किक मारली. निळसर धूर रस्ता ओलांडून समोरच्या बसस्टॉपवर गेला. मल्लेश्वरमला शिकवणीला जायला माझी मुलगी तिथं उभी होती. तिनं नाकाला रुमाल लावला, धुरातून डोळे बारीक करून पाहिलं आणि मला ओळखून हात हलवला.