इंजिनाचं पाणी कोणी तोडलं

मी वाचायला शिकले ती काकांनी धरणग्रस्तांसाठी काढलेल्या पत्रकांवर. ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ हे शब्द मला बाराखडीच्या आधी पाठ होते. म्हणून पुनर्वसनाच्या सुनावणीच्या सकाळी मी गावची बोट सोडली आणि काका माझ्याशेजारी, इंजिनालगतच्या फळीवर येऊन बसले, तेव्हा मला फार बळ आलं. दुपारच्या आत पलीकडच्या धक्क्याला लागलो नाही, तर आमच्या गावाची हरकत नोंदली जाणार नव्हती.

बोटीचं डिझेल इंजिन जलाशयाचंच पाणी ओढून थंड होतं, आणि ते पाणी बाजूच्या नळीतून धार धरून बाहेर पडतं. मधोमध आलो आणि धार तुटली. मागोमाग जळक्या रबराचा वास, वाफ. मी इंजिन बंद केलं.

एक म्हातारी आजी म्हणाली, एवढ्या पाण्यात बसून तहानेने मरणारं हे पहिलंच इंजिन. सगळे हसले. काकाही.

आधी पाणी आत येतं ती बुडाची जाळी चाचपली. गाळ नव्हता, शेवाळ नव्हतं. पंपाचा पट्टा शाबूत. पंपाचं झाकण उघडलं तर आतल्या रबरी पंख्याची पाती फाटून गेलेली. कोरडा फिरला होता. जाळी साफ असताना पंप कोरडा कसा? मधे राहिला फक्त पाणी आत सोडणारा कॉक, काकांच्या फळीखाली.

उठा म्हटलं, तर म्हणाले तिथलं मी बघितलंय. आजीने दटावलं तेव्हा उठले.

कॉक बंद होता. तो हादऱ्याने फिरत नाही, जोर लावावा लागतो. सकाळी मीच उघडला होता.

काका हळूच म्हणाले, “हरकत येणार नाही असा सुनावणीच्या साहेबांना शब्द दिलाय मी. आपल्या दोन्ही घरांना रस्त्याकडेची जमीन मिळतेय. तुझ्या बापालाही.”

“आणि गावाला?”

“गावाचं पुढच्या वेळी बघू.”

ज्या माणसाने मला ‘गाव’ हा शब्द लिहायला शिकवला, त्याने तो असा बाजूला सारला. मी उभी राहिले आणि कॉक कोणी बंद केला, कशासाठी, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

दुसरा पंखा बोटीत नव्हता. वल्ही काढली. ऊन डोक्यावर आलं होतं, धक्का अजून दिसतही नव्हता. तरी सगळे वल्ही मारत राहिले. काकांनीही एक वल्हं उचललं. आजीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.