एकच नाव द्यायचं होतं

त्या शुक्रवारी मी क्लायंटला त्याची वेबसाइट दाखवायच्या ऐवजी माझा बायोडेटा दाखवला.

आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. दर पंधरवड्याला टीमने काय बांधलं, ते व्हिडिओ कॉलवर क्लायंटला दाखवायचं. आमचा क्लायंट हॉलंडमधला, बागेत ठेवायच्या खुर्च्या विकणारा. आपल्या कम्प्युटरवरचं त्याला दिसावं म्हणून स्क्रीन शेअर करतात. त्यात एकच विंडो दाखवता येते किंवा अख्खी स्क्रीन. "अख्खी कधीही दाखवायची नाही, आपलं काय काय उघडं असतं ते आपल्यालाच माहीत नसतं," असं मी नव्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्या दिवशी मी अख्खी दाखवली. खुर्च्या खाली राहिल्या. वर माझा फोटो, माझं नाव आणि 'आव्हानात्मक संधीच्या शोधात' अशी इंग्रजीत एक ओळ. एकोणपन्नासाव्या वर्षी आव्हान शोधायला निघालेला माणूस कसा दिसतो, ते सगळ्या टीमने आणि हॉलंडने एकदमच पाहिलं.

शेवटी पीटर, म्हणजे तो क्लायंट, सावकाश म्हणाला, "या आमच्या खुर्च्या नसाव्यात."

मी विंडो बंद केली आणि उरलेला डेमो उरकला. तो संपायच्या आत निखिलचा मेसेज आला. 'सर, चार वाजता तोरणामध्ये भेटू.'

तोरणा म्हणजे आमच्या बाणेरच्या ऑफिसातली काचेची मीटिंग रूम. सगळ्या रूमना किल्ल्यांची नावं दिलेली आहेत. एकाही किल्ल्यात आवाज आत राहत नाही.

निखिल माझा मॅनेजर. कॉलेजातून ट्रेनी म्हणून आला तो माझ्याच हाताखाली. पहिलं वेब पेज त्याने माझ्या शेजारी बसून केलं. आता मला रजा हवी असली तर तो मंजूर करतो. तरी 'सर' म्हणायचं त्याने सोडलं नाही, आणि 'अरे निखिल' म्हणायचं मी.

हे उलटंपालटं कसं झालं, ते सांगायला हवं. मी वेबसाइट करायला लागलो तेव्हा बुधवार पेठेतल्या एका कम्प्युटरच्या दुकानाच्या माळ्यावर बसायचो. दुकानदारांना वेबसाइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मलाही फारसं नव्हतं. अक्षरं लुकलुकली की गिऱ्हाईक खूश व्हायचं. मग फ्लॅश नावाचं तंत्र आलं. त्यात चित्रं हलवता यायची. समई पेटते, तोरण डुलतं, मग कंपनीचं नाव उगवतं, असलं मी इतकं छान करायचो की एका मोठ्या कंपनीने मला बोलावून नेलं. परदेशवारी झाली. कर्वेनगरात फ्लॅट झाला. मी टीम लीड झालो. मग मोबाइल आले, आणि मोबाइलवर फ्लॅश चालेना. बघता बघता ते तंत्रच बंद पडलं. माझ्या समया विझल्या. चाळिशीत मी पुन्हा शिकायला बसलो, आणि शिकवायला समोर निखिलच्या वयाची मुलं. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं येतं, कालचं शिळं होतं आणि मी पुन्हा बालवर्गात. आता तर कोड यंत्रच लिहितं. ते बरोबर आहे का, हे बघायला माणूस लागतो. किती माणसं लागतात, एवढाच प्रश्न.

त्याच प्रश्नाची कुजबुज ऑफिसात चालू होती. म्हणून मेधाने, माझ्या बायकोने, बायोडेटा काढून ठेवायला लावला होता. ती शाळेत शिकवते. वेळेवर काम करून ठेवण्यावर तिचा विश्वास आहे. तो बायोडेटा मी अजून कुणाला पाठवलाही नव्हता.

चार वाजता तोरण्यात गेलो. निखिलने दार लावलं.

"सर, चहा?"

"मागव नंतर. आधी सांग."

"ऑफर कुठली आहे, ते नाही विचारत. पर्सनल आहे. पण तुम्ही जाताय, असंच ना?"

मी काही म्हणायच्या आत तोच पुढे बोलायला लागला. पीटरने बजेट कमी केलं होतं. टीममधून एक माणूस कमी करायचा होता. "सोमवारी मला एक नाव द्यायचंय, सर. एकच. तुम्ही जातच असाल तर कुणाचंच नुकसान नाही. मी वरती तसं कळवतो, नोटिसचे पैसे नीट मिळतील असं बघतो."

"आणि जात नसेन तर?"

निखिल काचेतून बाहेर बघायला लागला. "मग दुसरं नाव आहे."

बाहेर अश्विनी बसली होती. हेडफोन लावून स्क्रीनशी भांडत होती. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परत आलेली. नवऱ्याचा स्टार्टअप बंद पडलेला, फ्लॅटचे हप्ते चालू. हे सगळं मला माहीत होतं, कारण डबा आम्ही एकाच टेबलावर खातो.

"सोमवारी सांगतो," मी म्हणालो.

"हो, हो. आरामात," निखिल म्हणाला. सोमवार म्हणजे मध्ये फक्त शनिवार-रविवार.

चांदणी चौकात ट्रॅफिक तुंबलं होतं. गाडीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात निखिलपुढे भाषण केलं. 'ती लहान आहे, तिचं सगळं आयुष्य पुढे आहे, माझं नाव दे.' एकदा करून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. सिग्नल सुटला तेव्हा आठवलं, की आमची लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीही कम्प्युटरच करतेय, कारण बापाने सांगितलं होतं, यात मरण नाही.

मेधाला मी रविवारी सांगितलं. आम्ही आठवड्याची भाजी मार्केट यार्डातून आणतो. पिशव्या माझ्याकडे, निवड तिच्याकडे. फ्लॉवरच्या ढिगापाशी मी सगळं बोलून टाकलं. ती गड्डा उलटा करून देठ बघत ऐकत होती.

"शुक्रवारपासून पोटात ठेवलंत?"

"तुझे पेपर तपासून व्हायचे होते."

"ते कधीच होत नसतात." तिने गड्डा परत ठेवला. "तुम्हाला काय करावंसं वाटतंय?"

"त्याने मला विचारायला नको होतं, असं वाटतंय."

"विचारलंय ना आता. ऑफर आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग आहे असं समजू देणं म्हणजे खोटंच."

"आणि नाही म्हटलं तर ती घरी बसणार. तिचं पोर अजून उभं राहत नाही, मेधा."

मागून हमाल 'बाजूला, बाजूला' करत आला, तसे आम्ही दोघं गोण्यांना चिकटून उभे राहिलो. मग ती म्हणाली, "तिला नोकरीवर ठेवायचं की नाही, हे तुम्ही ठरवत नाही आहात. निखिल ठरवतोय. तुम्हाला त्याने तुमच्याबद्दल विचारलंय. तुमच्याबद्दल खरं काय ते सांगा."

मला ते पटलं. पटलं, कारण ते खरं होतं, आणि सोयीचंही होतं. त्यातलं जास्त काय होतं, ते मी तपासलं नाही.

सोमवारी मी निखिलला सांगितलं, "ऑफर नाही. बायोडेटा कुठेच गेलेला नाही. मला ही नोकरी हवी आहे."

त्याचा चेहरा पडला. राग नव्हता. हातातलं ओझं खाली ठेवता ठेवता कुणी पुन्हा उचलायला लावावं, तसं काहीतरी. "ओके, सर. स्पष्ट बोललात, बरं केलंत."

मी जागेवर येऊन बसतो तोच अश्विनी लॅपटॉप घेऊन आली. "सर, दोन मिनिटं? कार्टमधून एक खुर्ची काढली की सगळ्याच जातायत."

कार्ट म्हणजे वेबसाइटवरची खरेदीची टोपली. मी तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघितलं. चूक सापडली. प्रत्येक खुर्चीला वेगळी ओळख द्यायची राहिली होती, त्यामुळे कोणती काढायची ते वेबसाइटला कळत नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही नसता तर मी आज इथेच झोपले असते." मी हसलो. त्या दिवशी मी डबा जागेवरच खाल्ला. तिला सांगितलं, दाढ दुखतेय. दुसऱ्या दिवशीही दाढच सांगितली.

गुरुवारी सकाळी एचआरने बोलावलं. एचआर म्हणजे माणसं घेणारं आणि काढणारं खातं. तिथल्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली, ती उघडूनही दिली, तेव्हाच मी समजलो. नाव माझं होतं. बाई सौम्य आवाजात बोलत होत्या आणि त्याच वेळी माझा लॅपटॉप मला पासवर्ड विचारत होता. मी टाकला. त्याने ओळखलं नाही. पुन्हा टाकला. "ते सकाळीच बंद होतं, सर," बाई म्हणाल्या.

खाली पार्किंगमध्ये निखिल उभा होता. माझी वाटच बघत होता.

"माझं नाव तू दिलंस?"

"नाही, सर. शपथ. नाव वरूनच आलं होतं. कॉस्ट बघून. सीनियर माणूस एक गेला की..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"कधी आलं?"

"शुक्रवारी. डेमोच्या आधी."

मला नीट कळायला वेळ लागला. "मग मला विचारलंस कशाला?"

तो बुटाने खडी सरकवत राहिला. "तुमचा बायोडेटा दिसला ना, सर. वाटलं, तुम्ही स्वतःच जाणार असाल तर... मला जरा बरं वाटलं असतं."

"आणि ते दुसरं नाव?"

"तसं काही नव्हतं. ते तुम्ही हो म्हणावं म्हणून."

वेबसाइटवरून काही काढून टाकताना 'नक्की काढायचं का?' असं विचारणारी चौकट येते, ती सगळ्यांनी पाहिली असेल. ती चौकट कशी बनवायची, ते निखिलला मीच शिकवलं होतं. 'नाही' दाबल्यावर काहीही होता कामा नये, हे बजावून सांगितलं होतं. त्याने चौकट हुबेहूब बनवली होती. फक्त 'नाही' दाबलं तरी काढायचं ते काढलंच जात होतं. आपल्याला विचारलं म्हणजे आपलं उत्तर मोजलं जाणार, असं काही नसतं. हे शिकायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि नेमकं कळलं तेव्हा ऑफिसचं कार्ड जमा झालेलं.

मला त्याला खूप बोलायचं होतं. "गाडी काढू दे, बाजूला हो," एवढंच बोललो.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. अश्विनी, तिचा नवरा आणि त्याच्या कडेवर बाळ. तिच्या हातात डबा. आत येताच तिने डबा मेधाकडे दिला आणि मी पाय मागे घ्यायच्या आत वाकून नमस्कार केला.

"अगं, हे काय?"

"निखिलने टीमला सांगितलं, सर. कुणाला तरी जावं लागणार होतं, तर तुम्ही स्वतःचं नाव दिलंत." तिने पदर सारखा केला. "आणि माझा नंबर होता, हे मला माहीत होतं."

बाळाला खाली ठेवून नवरा हात जोडून उभा होता. इंजिनिअर माणूस, पण देवळात आल्यासारखा. मी मेधाकडे बघितलं. ती डब्याचं झाकण उघडत होती. नारळाच्या वड्या होत्या. तिने वर बघितलं नाही, मला सोडवायलाही आली नाही.

खरं सांगतो, गप्प बसणं फार सोपं होतं. नोकरी गेलीच होती, मग निदान मोठेपण का सोडा? गाडीत केलेलं ते भाषण कुणीतरी ऐकलंच होतं, असं म्हणायचं.

"बस आधी," मी म्हणालो. "अश्विनी, मी असं काही केलेलं नाही. निखिलने विचारलं होतं. तुझं नाव निघेल, हे मला कळलं होतं. तरी मी सांगितलं, मला नोकरी हवी आहे. माझं नाव वरून आलं. मी दिलेलं नाही."

बाळ टीव्हीच्या रिमोटची बटणं चाटत होतं. नवरा हात कुठे ठेवावेत, या विचारात पडला.

मग अश्विनी म्हणाली, "मलाही विचारलं होतं, सर. तुमच्या आधीच्या आठवड्यात. बाळ लहान आहे, थोडा ब्रेक घ्यायचाय का, असं. मी म्हटलं, बाळ लहान आहे म्हणूनच नाही." तिने बाळाच्या तोंडातून रिमोट काढला. "मग कोण जाणार, हे मी विचारलं नाही. मला वाटलं होतं, तुम्हीच असाल. तरी नाही विचारलं."

"दाढ दुखत होती का तुझी?"

तिला ते कळलं नाही. मग कळलं, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मेधाने वड्या पुढे केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. पाक जरा जास्त झाला होता, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

अश्विनी अजून त्याच कंपनीत आहे. मी आता घरी जेवणाच्या टेबलावर बसून काम करतो. मार्केट यार्डातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याची वेबसाइट चालू आहे. त्याला मिरच्या हलताना हव्या आहेत. निखिलचा दिवाळीला फोन आला होता. मी उचलला. शुभेच्छा दिल्या, घेतल्या. त्यापुढे दोघांनाही काही सुचलं नाही.

त्या शनिवारी मात्र ते तिघं गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो होतो. मेधा वड्यांचा डबा आवरून आली. मी म्हटलं, "बघ, एक नमस्कार मिळाला होता, तोही परत केला."

ती म्हणाली, "बरं केलंत. बेकार नवरा मी सांभाळीन. त्याग केलेला नवरा मला झेपला नसता."