तव्यावरची पहिली भाकरी

जठराला सूज का येते हे तोंडपाठ असलेली मुलगी उपाशीपोटी शाळेत का जाते, सांगाल?

ही माझी धाकटी बहीण वैशू, नववीतली. शाळेतल्या मुलींसाठी मी लिहिलेलं जठराच्या सुजेवरचं पत्रक तिनेच वर्गात वाटलं होतं. तरी सकाळी नुसता चहा आणि मधल्या सुट्टीत तिखट लावलेली चिंच. परवा ती पोट धरून वर्गातच आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, "सूज आहे, वेळेवर खाल्लं की बरी होईल." माझा जीव भांड्यात पडला, मग राग आला.

"पत्रक पाठ आहे ना तुला?"

"आहे की, ताई. पण आधी बाबांचा डबा, मग दादाचा. माझी भाकरी होईपर्यंत शाळा भरते."

मी पत्रक पुन्हा काढून वाचलं. त्यात मी सगळा दोष मुलींच्या जिभेला दिला होता. घरात कोण आधी जेवतं, याबद्दल एक ओळही नव्हती.

रात्री मी हे आईला सांगितलं आणि आज तिने पहिली भाकरी वैशूला वाढली. दादा ओरडला, "माझा डबा?"

"थांब की जरा, तुझं पोट काय पळून चाललंय?" आई म्हणाली.

वैशू दुधात भाकरी कुस्करून सावकाश खात होती. किती दिवसांनी मला सकाळ हलकी वाटली.

उद्या तुमच्याही घरी पहिली भाकरी शाळेला निघालेल्या मुलीला वाढा आणि तिचं खाऊन होईपर्यंत बाकीच्यांना थांबवा.