धाकटीचा खून

चौकातली लाँड्री दोघी बहिणी चालवत. थोरलीला सगळे ताई म्हणत आणि धाकटीला नुसतं धाकटी. ताई आत इस्त्रीवर, धाकटी बाहेर काउंटरवर. ताईंना गिऱ्हाइकाचा चेहरा आठवत नसे, त्याच्या कपड्यांवरचे डाग आठवत. धाकटीचं उलट. ती कपडे बाजूला सारून माणसाशीच गप्पा मारत बसे. शर्ट न्यायला आलेला माणूस गप्पांच्या नादात शर्ट विसरूनच घरी जाई.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, तिथे त्या राहत. आईवडील गेल्यावर लग्नाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. पन्नाशी उलटल्यावर मात्र धाकटीने काढला. बदलीवर आलेला एक विधुर इंजिनिअर कोट टाकायला यायचा. त्याची पुढची बदली झाली, तशी तीही निघाली.

"या वयात? लोक काय म्हणतील?" ताई म्हणाल्या.

"काय म्हणणार? कपडे झाले का म्हणतील," धाकटी म्हणाली.

ताई लग्नाला गेल्या नाहीत. दुकान बंद ठेवता येत नाही, असं त्यांनी कळवलं. त्या दिवशी दुकानात कुणी फिरकलंही नाही.

मग वरच्या खोल्या गप्प झाल्या. ताईंनी रेडिओ लावून पाहिला, पण रेडिओ एकटाच बोलतो, मधे थांबून "हो ना गं?" असं विचारत नाही. धाकटीचे फोन यायचे. "बरं आहे, काम पडलंय," एवढं बोलून ताई ठेवून द्यायच्या. हळूहळू तेही कमी झाले.

एकदा ग्रंथपाल बाई पडदे टाकायला आल्या आणि पडद्यांबरोबर एक खूळही घेऊन आल्या. वाचनालयातर्फे एक विनोदी रहस्यकथा लिहायची. आपल्याच गावात घडणारी, गावातल्याच माणसांनी लिहिलेली, प्रत्येकाने आळीपाळीने एकेक प्रकरण. अट एकच, आधीच्याने लिहिलेलं पुढच्याने खोडायचं नाही.

"मी पावतीपलीकडे काही लिहिलेलं नाही हो," ताई म्हणाल्या.

"खून म्हटला की डाग आलेच. तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

अशी पाच जणं जमली. ग्रंथपाल बाई, निवृत्त हेडमास्तर, बेकरीवाला, ताई आणि गावात नवेच आलेले दातांचे डॉक्टर. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या लांब टेबलाशी बसायचं, प्रकरण वाचून दाखवायचं. पहिलं प्रकरण डॉक्टरांचं. चौकातल्या बाकावर एका बाईचं प्रेत सापडतं आणि तिच्या घशात दुसऱ्याच कुणाची तरी कवळी! ती बाई कोण, हे ठरवायचं काम ताईंकडे आलं.

ताई कागद घेऊन बसल्या. डोक्यात काही येईना. शेवटी जे माहीत होतं तेच लिहिलं, तेही रागारागाने. मयत बाई नळ कधी नीट बंद करत नसे. गाण्याची पहिली ओळ म्हणून दुसरी दुसऱ्याच गाण्याची म्हणे. आपलं ताट भरलेलं असताना शेजारच्या ताटात हात घाली, वर म्हणे, "तुझंच चांगलं लागतं गं."

शनिवारी त्यांनी ते मान खाली घालून वाचलं. बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत सगळे हसले. आपल्याला माणसं हसवता येतात, हे ताईंना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. घरी येताना त्या जिना भराभर चढल्या. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबल्या. सांगायचं कुणाला?

कथा पुढे सरकली. हेडमास्तरांनी एक डिटेक्टिव्ह आणला. त्याला सतत सर्दी, त्यामुळे दबा धरून बसला की नेमका शिंकायचा. बेकरीवाल्याने भलत्याच तिघांवर संशय आणला. फिरून ताईंची पाळी आली की मात्र कथा मागे जायची. "खुनाच्या आदल्या आठवड्यात ती सकाळी उशिरा उठली," अशी सुरुवात व्हायची आणि प्रकरणभर ती बाई चहा पीत, केस विंचरत, थोरल्या बहिणीशी बडबडत असायची.

"ताई," हेडमास्तर म्हणाले, "आपल्याला खुनी शोधायचाय. तुम्ही अजून मयताला चहा पाजताय."

"मग काय करू? समोर येऊन बसते ती."

सगळे हसले. ग्रंथपाल बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

पुढच्या पाळीला ताईंनी त्या बाईला सरळ जिवंतच केलं. ती मेलीच नव्हती, बाकावर झोप लागली होती म्हणे. यावर हेडमास्तर ताडकन उठले. "अट ती अट! तिसऱ्या प्रकरणात पोस्टमॉर्टेम झालंय. त्यातून कोण उठतं?" ताईंनी मुकाट्याने ते कागद परत पिशवीत घातले.

शेवटचं प्रकरण पुन्हा डॉक्टरांकडे होतं. त्यांनी रंगवून रंगवून वाचलं. खून मयताच्या थोरल्या बहिणीच्या हातून झाला होता. धाकटी घर सोडून निघाली, थोरली चौकापर्यंत भांडत मागे गेली, आणि तोंडाचा पट्टा इतका जोरात सुटला की कवळी उडून धाकटीच्या घशात अडकली. बेकरीवाला हसायला लागला आणि मधेच थांबला. टेबलाभोवती कुणी वर बघेना. डॉक्टरांना बिचाऱ्यांना काहीच कळेना.

"चांगलं जमलंय," ताई म्हणाल्या. "असंच झालं असणार."

सोमवारी डॉक्टर कोट घेऊन दुकानात आले. कोट स्वच्छच होता. "मला कुणी सांगितलंच नव्हतं हो. मी शेवट बदलतो."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "लिहिलेलं खोडायचं नाही, ठरलंय ना?"

पुस्तक छापून आलं. ताईंनी एक प्रत धाकटीला पोस्टाने पाठवली, सोबत चिठ्ठी नाही की काही नाही. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी इस्त्रीची वाफ उठत असताना फोन वाजला.

"मेले का गं मी?"

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"आणि नळाचं काय लिहिलंयस! त्या नळाचा वायसर गेला होता."

"वायसर मी दोनदा बदलला होता."

धाकटी हसली. हसता हसता तिचा आवाज बदलला. "ताई, लग्नाला का नाही आलीस?"

"आले असते तर तुला जाऊ दिलं नसतं."

मग धाकटी म्हणाली, "येऊ का?"

"विचारतेस काय?"

ती आली. काउंटरवर बसली तशी गावातली अर्धी माणसं धुतलेलेच कपडे पुन्हा टाकायला आली, मयत कशी दिसते ते बघायला. ती प्रत्येकाच्या प्रतीवर सही करत सुटली. रात्री जेवताना तिने ताईंच्या ताटात हात घातला आणि ताईंनी ताट तिच्याकडे सरकवलं. पण तिकडे नवऱ्याला बरं नव्हतं. तिला लवकर परतावं लागलं. ताई बसपर्यंत गेल्या, बॅग वर चढवली, "पोचलीस की कळव," म्हणाल्या. बस वळेपर्यंत उभ्या राहिल्या.

आता रोज दुपारी फोन येतो. ताई तो स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवतात आणि आत इस्त्री करतात. तिकडे धाकटी भांडी घासते, नवऱ्याला औषध देते. बोलायचं कधीच संपलेलं असतं, पण फोन कुणीच ठेवत नाही.