वन्संची स्कूटर

पेट्रोलचा वास आला की मला अजून सुशीलावन्सं दिसतात. माझी ही थोरली नणंद साठीनंतर स्कूटर शिकली. एका सकाळी आमच्या धाराशिवच्या दारात येऊन त्या म्हणाल्या, "बस मागं. सोनारीला भैरवनाथाला जाऊन येऊ."

"एवढ्या लांब? ह्यांना विचारावं लागंल, वन्सं."

"माझ्या भावाला मी सांगते. तू बस."

मी ओल्या हातांनी उंबऱ्यातच उभी राहिले. त्या गेल्या. "या वयात शोभतं का हे?" असं मी शेजारणीला म्हणाले खरी, पण आतून नुसती जळत होते.

गेल्या महिन्यात, नव्वदीत, वन्सं गेल्या. दहाव्याला जमलेल्या बायका त्यांच्यासोबत कुठं कुठं हिंडल्या ते सांगत होत्या. मी चहा देत ऐकत राहिले. वन्संवर तर मी जन्मभर जळले. दहाव्याला मात्र त्यांच्या मागं बसलेल्या प्रत्येकीवर जळले.